वाटीभर मैदा

काच अशी पुसावी की ती आहे की नाही, हे बघणाऱ्याला कळू नये. हे वाक्य माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे आणि ते माझं स्वतःचं आहे. नागपुरात कमाल चौकाजवळ माझं काचेचं दुकान, पस्तीस वर्षं झाली. खिडक्या, आरसे, शोकेस, फोटोच्या चौकटी. माप मी इंचात आणि सुतात घेतो, एका इंचाचे आठ सूत. माझ्या मापात अर्ध्या सुताची चूक काढून दाखवणाऱ्याला काच फुकट, असंही पाटीवर लिहिलेलं आहे. आजवर कुणालाही फुकट काच मिळालेली नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की देवराव रामटेके म्हातारा झाला. मी एकसष्ट वर्षांचा आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून भूतखेत, नजर, उतारा यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. अपवाद फक्त माझ्या बायकोच्या आईचा. त्या माउलीने अंजनाला शिकवून ठेवलंय की दिवे लागल्यावर घरातून मीठ, दही, पीठ आणि सुई बाहेर द्यायची नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि छत्तीस वर्षं मी हसतोय.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्या नं वं आपण?" मी विचारतो.

"त्यात पिठाचं कुठी लिहिलं आहे?" ती म्हणते.

मी दोनदा वाचून पाहिल्या. पिठाचं खरंच नाही.

आमची गल्ली नागपुरातल्याच इंदोऱ्यात. चौदा घरं, आमचं शेवटचं. समोर गणपतराव राहतात, वीजमंडळातून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी मी घराच्या वरच्या मजल्याला पुढून चकाकणारी काच बसवली, दुकानाची जाहिरात म्हणून. तेव्हापासून सकाळी साडेआठला सूर्य त्या काचेवर आपटतो आणि थेट गणपतरावांच्या चहाच्या कपात जातो. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. ते रोज गॉगल लावून चहा पितात, मला दिसावं म्हणून व्हरांड्यात बसून.

आता मोनाली. आमची एकुलती एक मुलगी केंद्र सरकारच्या शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिची बदली सीमेवरच्या एका डोंगराळ गावात झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आता बघ्यांचा कंटाळा आलेला आहे. निघताना अंजनाने तिला स्टीलच्या सहा वाट्या दिल्या, प्रत्येकीवर नाव कोरून: अंजना दे. रामटेके. पोरगी दीड हजार किलोमीटरवर गेली होती, पण हिचा फोनवर पहिला प्रश्न असायचा, "सहाही वाट्या आहेत ना?"

गेल्या मे महिन्यात चार दिवस लढाई झाली आणि त्या गावावर तोफगोळे पडले. आम्ही टीव्हीवर बाणांचे नकाशे बघत बसलो होतो. मोनाली जिन्याखालून फोन करायची. "काही नाही बाबा, दिवाळीसारखं आहे." दिवाळीत माणूस कुजबुजत बोलत नाही. त्या चार दिवसांत मी सात काचा चुकीच्या कापल्या. त्या दुकानामागे ठेवल्या आहेत, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली नाही. शाळेत घरं पडलेली माणसं राहायला आली होती. दिवाळीत आली नाही. पोरांचा अभ्यास मागे पडला होता. मग नोव्हेंबर संपताना मी फोन केला आणि म्हटलं, तुझ्या शाळेच्या खिडक्या मी बसवून देतो, मजुरी नको, समाजसेवा म्हणून. समाजसेवा वगैरे काही नव्हतं. मला माझी मुलगी घरी आणायची होती. स्टेशनवर अंजनाने संत्रा बर्फीचे चार डबे हातात दिले आणि सांगितलं, "तिले घेऊनच या. नाही तर तुमी बी येऊ नका. अन् वाट्या मोजून आणा."

दीड दिवस रेल्वे आणि एक दिवस बस. संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा आधी आवाज ऐकू आला. प्लॅस्टिक फडफडत होतं, सगळीकडून. काचेच्या माणसाला खिडक्या आधी दिसतात, म्हणून सांगतो: त्या बाजारपेठेत काच असलेली खिडकी मला पन्नास पावलांपर्यंत सापडली नाही. कुठे दुधट प्लॅस्टिक, कुठे गव्हाचं पोतं, एका ठिकाणी चक्क कपाटाचं दार, त्याच्या आरशासकट. भिंतींवर बोटभर, मूठभर भोकं होती आणि सरकारी माणसाने प्रत्येक भोकाशेजारी लाल रंगाने आकडा टाकला होता. न्हाव्याच्या शटरला एकशे बारा भोकं. सकाळी शटर खाली असलं की आत उजेडाचे ठिपके पडत. तो मला म्हणाला, "बिजली की बचत है जी." आणि दाढी करता करता इतका हसला की मीच त्याचा हात धरला.

मोनाली वाळली होती. तिने माझी हत्यारांची पेटी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, एवढी मोठी पेटी कायले आणली? चार वर्ग तर आहेत."

"घरी चल," मी म्हटलं.

"आधी चहा घ्या."

ती बीजींकडे भाड्याने राहत होती. बीजी सत्तरीच्या विधवा, तीन खोल्यांच्या मालकीण. प्रत्येक वाक्य 'रब्ब दी मर्ज़ी' म्हणून संपवायच्या, अगदी नळाला पाणी आलं नाही तरी. त्या गल्लीत अकरा घरं होती. पाच घरांना प्लॅस्टिक. उरलेल्या सहा घरांच्या काचा मात्र शाबूत होत्या, आणि त्या प्रत्येक काचेवर वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, फुली मारल्यासारख्या. लढाईच्या दिवसांत लोक अशा पट्ट्या लावतात, म्हणजे काच फुटली तरी उडत नाही. यात नवल काही नव्हतं. नवल काम बघून वाटलं.

मी खिशातली मोजपट्टी काढून मोजलं. एक इंच आणि एक सूत. मोनालीच्या खिडकीवर तेवढीच, बीजींच्या खिडकीवर तेवढीच, गल्लीच्या टोकाच्या घरीही तेवढीच, वरून खालपर्यंत केसाचा फरक नाही. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवरून जात होत्या तो बरोबर काचेचा मध्य होता. मध्य काढायला मला दोरा लागतो. हे कुणी केलं असेल त्याला मी त्याच दिवशी दुकानात कामाला ठेवलं असतं.

पण काम कितीही चांगलं असलं तरी सहा महिन्यांचा कागद होता, पिवळा पडलेला, त्यावर धूळ. आणि ती माझ्या मुलीची खिडकी होती. रात्रभर मला ती फुली डोळ्यांत खुपत राहिली. सकाळी मोनाली शाळेत गेली आणि मी रॉकेल आणि ब्लेड घेऊन बसलो. दुसरा कुणी बाप असता तर त्याने पोरीला बाजारात नेलं असतं, तिचं सामान बांधलं असतं. मी तिची काच साफ केली.

कागद सहज निघाला. खालची खळ ब्लेडला लागून आली ती ओली होती. मैद्याची खळ दोन दिवसांत दगड होते. मी म्हटलं, इकडे हवा थंड आहे. बोटांत चोळून पाहिली. अजून कोमट होती. मी म्हटलं, खिडकीवर ऊन येतं. खिडकी उत्तरेकडची होती, हे नंतर लक्षात आलं.

काच अशी पुसली, पाटीवरच्या वाक्यात आहे तशी. मागे बीजी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"ये आपने क्या किया, भाई साहब."

"सफाई किया न. रॉकेल से एकदम निकल जाता है," मी म्हटलं. आपकी भी कर दूँ, असंही म्हणालो. बीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ब्लेड खिशात ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात एका संध्याकाळी एक बाई आली. वाटीभर मैदा मागत होती.

"कौन थी?"

"पड़ोसन."

"किसकी?"

"मैंने समझा पिछली गली की है. पिछली गली वालों ने समझा हमारी गली की है." बीजींनी ट्रेमधला कप माझ्याकडे सरकवला. "सबने पड़ोसन ही समझा जी. अच्छी भली थी. पल्ले से हाथ पोंछती थी."

ज्यांनी मैदा दिला त्यांच्या काचांवर सकाळी फुल्या होत्या. लोकांनी आपापल्या पोरांना बोल लावले. बाई आली त्या रात्रीपासून तिसऱ्या रात्री गोळे पडले.

"और जिन्होंने नहीं दिया?"

"एक के घर मैदा नहीं था. एक ने दरवाज़ा नहीं खोला. एक ने कहा, कल आना." बाकी दोघांचं त्यांनी सांगितलं नाही. त्या खिडकीतून पलीकडच्या प्लॅस्टिककडे बघत राहिल्या, आणि या वेळी रब्बचं नाव घेतलं नाही.

मी त्यांना शांतपणे समजावलं की कागदाच्या पट्टीने काच उडत नाही, हे शास्त्र आहे. भिंत मात्र कागदाने थांबत नाही, तेव्हा बाकीचा योगायोग. बीजी उठल्या आणि मला दोन घरं पलीकडे घेऊन गेल्या. तिथे भिंत नव्हती. विटांचा ढीग होता आणि त्या ढिगात एक लाकडी चौकट उभी होती, एकटी, कशालाही न टेकलेली. चौकटीत काच होती. काचेवर फुली होती. मी सवयीने काचेवर टिचकी मारली. कुठे तडा नव्हता.

"इस कमरे में चार लोग थे," बीजी म्हणाल्या. "चारों चाय पी रहे थे. पीते रहे."

मी त्या चौकटीला गुन्या लावून पाहिला. नव्वद अंशांत होती.

दुपारी मी बाजारातून मैदा आणला, खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, एक इंच एक सूत. मोनालीच्या काचेवर पहिली पट्टी चिकटवली. दुसरी हातात घेतली तोवर पहिली खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग सुतारी गोंद लावला. मग सामान बांधायची खाकी चिकटपट्टी. ती पट्टी एकदा चिकटली की खोक्याचा जीव घेते. काचेवरून ती अशी सरळ खाली आली की जणू मी ती लावलीच नव्हती. पस्तीस वर्षांचा कारागीर पलंगावर उभा राहून कागद पकडत होता. खालून बीजींची मांजर बघत होती आणि तिला फार मजा वाटत होती.

मोनाली आली ती दारातच थांबली. तिने खिडकी पाहिली, माझे खळीने माखलेले हात पाहिले, जमिनीवरचे कागद पाहिले.

"बाबा, ते मी मुद्दाम ठेवलं होतं."

"घाण दिसत होतं बेटा."

"हो," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी बसली. "मी गणित शिकवते. गल्लीत अकरा घरं. सहा अन् पाच. कोणी दिला, कोणी नाही, मी सगळ्यायले विचारून वहीत लिहिलं. एकबी अपवाद नाही निघाला. मले सिद्ध करता येत नाही म्हणून मी बोलत नाही."

"तू दिला होता?"

"आईची वाटी भरून दिला. पीठ नेलं ते नेलं, वाटी बी परत नाही आणली बाईनं."

मी फडताळातल्या वाट्या मोजल्या. पाच होत्या. अंजनाला काय सांगायचं याची मला त्या क्षणी खरोखर काळजी वाटली. माणसाचं डोकं असं असतं.

"मले आता या खोलीत झोप नाही येणार," मोनाली म्हणाली. ती जमिनीवरचे कागद गोळा करू लागली.  आठ दिवसांची रजा टाकते, असं तीच म्हणाली. मला हवं होतं ते मिळालं, आणि ज्या रीतीने मिळालं त्याची लाज वाटत होती.

रजा मंजूर व्हायला तीन दिवस लागले. तिला मी बीजींच्या खोलीत झोपवलं आणि तिच्या खोलीत स्वतः झोपलो, कारण काच मी खराब केली होती. दिवसा शाळेत सोळा तावदानं बसवली. पोरं बाकांवर चढून बघत होती. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "अंकल, क्रॉस नहीं लगाओगे?"

"वो मैं नहीं लगाता," मी म्हटलं.

"हाँ, वो आंटी लगाती है," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

काहीही झालं नाही. तीन रात्री गेल्या, गोळा नाही, आवाज नाही, फक्त प्लॅस्टिक. बस डोंगर उतरली तेव्हा मला जोराची भूक लागली. गाडीत मी मोनालीला संत्रा बर्फी खाऊ घातली आणि योगायोग या विषयावर इटारसीपर्यंत भाषण दिलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी फार आनंदात होतो. मुलगी घरी येत होती.

नागपूरला पहाटे साडेपाचला उतरलो. डिसेंबरचा अंधार आणि धुकं, ऑटोवाल्याला स्वतःचा दिवा दिसत नव्हता. घरी आलो, अंजना पोरीच्या गळ्यात पडून रडली, मग वाळलीस म्हणून तिला रागावली, मग मला रागावली. आठ वाजता चौकातून तर्री पोहे आले. मी दोन प्लेटा संपवल्या. अंजना आठवडाभरातलं सगळं सांगत होती: टाकीचा कॉक बिघडला, दुकानावर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, गल्लीतल्या दुर्गेशच्या पोरीचं लग्न ठरलं.

"अन् वाट्या मोजल्या का?" तिने विचारलं.

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. मी तर्रीच्या लाल रश्शात बघत म्हटलं, "पाच आहेत. एक तिथंच कोणाकडं तरी राहिली."

"राहिली कायची!" अंजना उठली. ओट्यावरून तिने काहीतरी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "ही पाहा. ही कोणाची आहे?"

स्टीलची वाटी होती. काठावर कोरलेलं होतं, अंजना दे. रामटेके. 'रा'चा काना जरा वाकडा गेलेला. कोरणाऱ्याला शिंक आली होती, आणि अंजनाने त्याचे पैसे कापले होते. सहापैकी एकाच वाटीवर तो तसा होता.

"परवा एक बाई आली होती," अंजना सांगू लागली. "वाटीभर मैदा द्या म्हणे. आता दिवे लागले होते, मी कशी देणार? म्हटलं, सकाळी ये. मंग माझी नजर तिच्या हातातल्या वाटीवर गेली. माझं नाव! माझीच वाटी घेऊन माझ्याच दारी मागून राहिली! मी घेतली हिसकून."

 मोनालीने पोह्याची प्लेट हळूच खाली ठेवली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काही नाही. हसली. पदराले हात पुसले. म्हणे, बरं बाई, तुमचं शेवटचंच घर होतं."

"सकाळी आली होती का?"

"नाही आली. चोरी पकडल्यावर कोण येते?" अंजनाने माझा चेहरा पाहिला. "काहून हो? काय झालं?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली. "देवरावभाऊ!"

अकरा वर्षांनी मी तो आवाज माझ्या नावासकट ऐकला. दार उघडलं. धुकं विरलं होतं. गणपतराव त्यांच्या खिडकीपाशी उभे होते, कपाळावर गॉगल, एका हातात ब्लेड, दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली.

"हे कशानं निघते, भाऊ? काल सकाळी पाहतो तं कोण्या कारट्यानं सगळ्या गल्लीच्या काचांवर..."

"हात लावू नका!" मी ओरडलो.

गणपतरावांच्या हातून बाटली पडली. मी अनवाणी गल्ली ओलांडली. त्यांच्या काचेवर फुली होती. मराठी वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या. मी खिशातून मोजपट्टी काढली.

एक इंच, एक सूत.

नख लावून पाहिलं. खळ ओली होती.

मोनाली गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली आणि परत आली. ती मोजत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

"तेरा अन् एक, बाबा."

तेरा घरच्या बायकांनी उजेड असताना मैदा दिला होता. आमच्या दारापर्यंत यायला तिला दिवेलागण झाली. बाई परवा आली होती. मी बोटांवर रात्री मोजल्या. परवाची एक, कालची दुसरी. आज तिसरी.

सकाळभर मी घरी पट्ट्या लावल्या. लावल्या म्हणजे उचलल्या. दुपारी पाच किलो मैद्याचं पोतं दारात ठेवलं, वर ती वाटी, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारत होतो, "मैदा पाहिजे का?" तिघींनी नेला. त्या तिघींनाही मी नावानिशी ओळखत होतो.

चार वाजता अंजना माझ्याशेजारी येऊन बसली. मोनालीने तिला सगळं सांगितलं होतं. तिने पदराचं टोक दातात धरलं होतं.

"मी द्यायले पाहिजे होता," ती म्हणाली.

छत्तीस वर्षं मी या बाईला हसलो होतो. आता मला एकही विनोद सुचला नाही. "तुले काय माहीत," म्हटलं आणि तिचा हात धरला, दारात, सगळ्या गल्लीसमोर.

पाच वाजता मी समोर गेलो.

"गणपतराव, आज रात्री आमी तिघं तुमच्याकडं झोपावं म्हणतो."

"काहून?"

"घराले रंग देऊन राहिलो. वास येते."

गणपतरावांनी माझ्या खांद्यावरून आमच्या घराकडे पाहिलं. रंगाचा एक डबाही कुठे नव्हता. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला. शेवटी ते वीजमंडळातले, वेळ साधायची सवय.

"ती वरची चकाकणारी काच काढाल?"

"काढतो."

"कधी?"

"उद्या," मी म्हटलं. उद्या ती काढावी लागणार नाही, असा विचार मनात आला आणि मी तो गिळला. गणपतराव इतके खूश झाले की त्यांनी आत जाऊन सुनेला भाजीत आणखी दोन वांगी टाकायला सांगितली.

आता सहा वाजत आले आहेत. हे सगळं मी माझ्या मापाच्या वहीत लिहून काढलंय, गणपतरावांच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसून. मोनाली आत त्यांच्या नातीला अपूर्णांक शिकवतेय. अंजना शेवटी आली, गादीची वळकटी आणि पिशवीत सहा वाट्या घेऊन. मी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस?

"दिवा लावून आली. घर अंधारात बरं नाही दिसत."

मी फुलीच्या दोन पट्ट्यांमधून समोर पाहिलं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली दिवा जळत होता आणि त्याची ज्योत मला इथून स्पष्ट दिसत होती. खिडक्या मी स्वतः पुसलेल्या. त्यांत काच आहे की नाही, ते कळत नव्हतं.